मामे दुफीचे करार

इस्पितळातून घरी आल्यावर आठवड्याभरात मामे दुफीने आम्हा भाडेकरूंना अंगणात बोलावलं. घानातल्या कुमासी शहरातलं तिचं घर म्हणजे मधे अंगण, एक नळ आणि भोवती सात खोल्या. एकीत ती राहायची, बाकीच्यांत आम्ही. मी नर्स, म्हणून तिच्या गोळ्या माझ्याकडे. तिला मामे म्हणायचं, म्हणजे आई. तिच्याहून मोठी माणसंही तेच म्हणायची.

नवरा होता तेव्हापासून सगळा व्यवहार तोंडीच चालत आला होता. आता तिच्या मांडीवर कागदांचा गठ्ठा होता.

"भाडे कार्यालयात जाऊन आले," ती म्हणाली. "प्रत्येकाला भाडेकार्ड द्यायचं, पावती द्यायची, करार लिहून द्यायचा. आजवर मी काहीच दिलं नाही. तिथल्या बाईंनी चांगलं झापलं मला."

सगळे हसले. सुमैला शिंपी मात्र उठून निमूट खोलीत गेला. तो देशाच्या उत्तरेकडचा, घरातला सगळ्यात जुना भाडेकरू; बायको अझारा गेल्यापासून एकटा.

दुपारी दारात हातगाडी उभी राहिली आणि सुमैला तिच्यावर शिलाई मशीन चढवू लागला. मामे काठी टेकत बाहेर आली.

"हे काय रे मांडलंयस?"

"कागद आला की त्यावर शेवटची तारीख येते, मामे. ती यायच्या आत मीच जातो."

"कोणी सांगितलं जायला?"

"माझी अझारा तापाने फणफणली तेव्हा तू तिला टॅक्सीत घालून नेलंस, शेवटपर्यंत उशाशी बसलीस. तेव्हा मागितली होतीस का माझी सही? आज मी परका झालो?"

चपला सावरत मामे हातगाडीवर चढली आणि मशीनला टेकून बसली.

"ढकल आता."

गाडीवाला खो खो हसला. सुमैला तसाच खालमानेने उभा.

"इकडे बघ," मामे हळू आवाजात म्हणाली. "माझं हृदय थकलंय. डॉक्टर गोड बोलतात, पण मला कळतं. मी गेले की हे घर क्वाकूचं. तो तिकडे हॅम्बर्गला. त्याला इथे दुकानांचे गाळे काढायचेत. पोरगा वाईट नाही माझा. पण तो तुला ओळखतो किती? माझा शब्द माझ्याबरोबर मातीत जाईल, बाळा. करार मागे राहील. मुदत संपेपर्यंत तुला हात लावता येणार नाही त्याला."

सुमैलाने मान वर केली. "म्हणजे हे तू माझ्यासाठी करतेयस?"

"नाहीतर काय, मला लिहायची हौस आलीय? उतरव मला. कंबर धरली."

संध्याकाळी आम्ही त्याच्या खोलीत गेलो. करारासोबत खोलीची आजची अवस्था लिहायची होती. मामे सांगत होती, मी लिहीत होते. खिडकीची एक काच तडकलेली. कडी नवी. पलंगामागच्या भिंतीवर तेलाचा गोल डाग दिसला तशी मी थांबले. अझारा तिथेच टेकून केसांना तेल लावायची.

"मी चुना मारतो," सुमैला घाईने म्हणाला.

"खबरदार!" मामेने मला खुणावलं. "लिही. डाग मालकिणीला मान्य आहे. भाडेकरूने तो पुसायचा नाही."

सुमैलाने सही केली ती डोळे पुसत. मामेने फुंकर मारून शाई वाळवली.

पुढच्या वर्षी मामे गेली. घरातल्या सगळ्यांचे शोकाचे काळे-तांबडे कपडे सुमैलानेच शिवले. अंत्यविधी आटोपल्यावर क्वाकूने अंगणात बसून आईचे कागद वाचले, वकिलाला फोन केला, थोडा चिडलाही. मग सुमैलाच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुमच्या कराराची दोन वर्षं बाकी आहेत," तो म्हणाला. "तोवर मी काही करू शकत नाही. तिने पक्कं बांधलंय मला."

सुमैलाने चटई सरकवली. क्वाकू क्षणभर घुटमळला, मग बूट काढून आत येऊन बसला.

"शेवटी शेवटी फोनवर ती नेहमी बरी आहे म्हणायची," तो म्हणाला. "खरंच बरी होती का हो?"

सुमैलाने चहा ओतला आणि सांगायला सुरुवात केली.