वाटीभर कमी

ही गोष्ट १९८२ सालची. मी एक जुने माप आहे मित्रांनो, लांब दांड्याचे, दूध मोजायचे. माझ्या कडेवर 'एक लिटर' असे कोरले आहे. कारागिराने मला घडवले तेव्हा ते खरे होते.

"दूधवाल्या मावशीचं माप म्हणजे सोळा आणे," असे लोक म्हणत. मी सुखावत असे. मग एका उन्हाळ्यात दूध आटले. मावशीने मला पालथे घालून माझे बूड आत ठोकले. माझ्यात वाटीभर दूध कमी मावू लागले. मापाला तोंड असते, जीभ नसते.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या शिंप्याची दोन वर्षांची मुलगी जुलाब-उलट्यांनी मलूल झाली. डोळे खोल गेले. रडली तरी टिपूस येईना.

"पाणी देऊ नका, देतो तेवढं बाहेर पडतंय," तिची आजी म्हणाली.

"आजी, बाहेर पडतंय म्हणूनच द्यायचं," सरकारी दवाखान्यातून आलेल्या नर्सबाईंनी मीठ-साखरेची पुडी काढली. "अंगातलं पाणी गेलं, मीठही गेलं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी हवं. नेमकं!"

शिंपी मावशीकडे धावला. मावशी स्वतः मला घेऊन आली.

"पाणी थोडं कमी पडलं तर?" तिने हळूच विचारले.

"मीठ जास्त होईल. एवढ्याशा जिवाला सोसायचं नाही."

नर्सबाईंनी मला काठोकाठ भरून पाणी पातेल्यात ओतले, पुडी विरघळवली, चमचा भरला. तो बाळाच्या ओठांशी गेला. मावशीने नर्सबाईंचा हात धरला.

"थांबा बाई! माझं माप खोटं आहे."

नर्सबाईंनी चमचा मागे घेतला.

"कितीनं कमी?"

"एक वाटी. ही एवढी. रोज मोजलीय मी."

"म्हणजे इतके दिवस तू आम्हाला..." आजी उसळली.

"भांडण नंतर, आजी. आधी वाटीभर पाणी घाला."

मग चमचा-चमचा सुरू झाले. पहिले चार चमचे उलटून पडले. दहा मिनिटे थांबून पुन्हा एक. मावशी उंबऱ्यावरून हलली नाही. दिवस कलला तेव्हा बाळाला लघवी झाली, झबले ओले झाले. एरवी त्यावरून करवादणारी आजी ते ओले झबले गल्लीभर दाखवत फिरली!

दुसऱ्याच दिवशी मावशीने माझे बूड सरळ करून घेतले. निम्मी गिऱ्हाइके तुटली. आजी मात्र शेवटपर्यंत येत राहिली; "आधी बूड दाखव," म्हणायची, मगच भांडे पुढे करायची.

नर्सबाईंची बदली झाली. आजी गेली, शिंपी गेला. मावशीने जाताना मला त्या मुलीच्या हाती दिले. आता तिचेही केस पांढरे होऊ लागले आहेत. गल्लीत कुणाचे पोट बिघडले की मला बोलावणे येते.

मित्रांनो, मला घासून चकचकीत नाही केलेत तरी चालेल. पाणी भरण्याआधी माझे बूड तेवढे पाहत जा.