ट्रंकेवरचं नाव

काळ्या पत्र्याची, दोन कड्यांची आणि एका बाजूने चेपलेली अशी मी एक जुनी ट्रंक आहे, मित्रांनो. फौजेत ज्याच्या त्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने मालकाचं नाव असतं. माझ्यावर पहिलं नाव होतं हवालदार हैबतरावांचं. वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर आपटत, धडपडत हिंडले. निवृत्त होऊन ते मुळशीतल्या नांदे गावी परतले, तशी मीही कोपऱ्यात जाऊन पडले.

मग त्यांची लेक उत्कर्षा फौजेत अधिकारी झाली. हैबतरावांनी मला घासून काळी कुळकुळीत केली आणि स्वतःचं नाव बुजवून तिचं लिहिलं. त्यांचा 'ष' नेहमी उजवीकडे कलतो, तसा तो माझ्यावरही कलला. लेकीला सलाम ठोकताना त्यांचे डोळे भरून आले होते.

उत्कर्षाचं काम वायरलेसचं. बर्फातल्या ठाण्यावर जायचं म्हणून तिने दोन वर्षं जीव तोडून मेहनत केली, परीक्षेत पहिली आली. लोकरी मोजे, कानटोपी, सगळं माझ्यात भरून झालं. निघायच्या आदल्या दिवशी यादीत तिच्या जागी तिच्याबरोबर परीक्षा दिलेल्या शैलेशचं नाव लागलं. तो तिसरा आला होता. तिला पलटणीतल्या मेजवानीची फुलं आणि खुर्च्या बघायला सांगितलं. पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला तिलाच उभं करायचे, त्यामुळे हे तिला नवं नव्हतं. पण या वेळी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी हसत एक पत्र पुढे केलं. तुमच्या वडिलांचीच विनंती आहे, म्हणाले.

ते पत्र तिने माझ्यात ठेवलं. त्यातला 'ष' उजवीकडे कललेला होता. मला माझ्याच पत्र्याची लाज वाटली.

सुट्टीत घरी येताच तिने ते वडिलांपुढे धरलं. हैबतरावांनी मान खाली घातली.

"तितं लई थंडी आसती. बाईमाणसाचं काम न्हाई ते. काळजीपोटी लिवलं मी."

"आबा, शैलेशच्या बापानं आसं पत्र धाडलं आसतं, तर सायबानं त्याला थांबवलं आसतं का?"

"त्याची गोष्ट येगळी हाय."

साहेबांचं तिला तितकं लागलं नव्हतं. ज्या बापाने पहाटे उठवून तिला चढावर पळायला शिकवलं, त्यानेच तिचा विश्वासघात केला होता. दुसऱ्या दिवशी ती पौडला जाऊन नवी ट्रंक घेऊन आली. नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, माझ्यातलं सामान तिच्यात भरलं आणि गेली. त्याच बर्फातल्या ठाण्यासाठी तिने पुन्हा अर्ज केलाय म्हणतात. घरी ती काही कळवत नाही.

याला दोन दिवाळ्या झाल्या. मला गंज चढू नये म्हणून हैबतराव कड्यांना तेल लावतात, तिचं नाव नव्याने रंगवतात. मित्रांनो, आपल्या माणसांची काळजी जरूर घ्या, पण आधी त्यांना विचारा. माझ्यावर अजून 'कॅप्टन उत्कर्षा' असं ठळक लिहिलेलं आहे. आत घरातल्या गोधड्या आहेत.