पिवळे इशारे

सर्व्हर अपग्रेड केला आणि फेतूच्या पडद्यावर पिवळ्या इशाऱ्यांची रांगच लागली. ही सोय जुनी झाली, ती पुढे बंद होईल, एकच रडगाणं शेकडो वेळा. मी त्याची साहेबीण. म्हटलं, "बाबा रे, डेटाबेस चालतोय ना? मग झाकून टाक ती पिरपिर. लाल काही दिसलं तर सांग." त्याने झाकली.

त्या पिरपिरीतच एक ओळ होती: ठरल्या वेळी आपोआप व्हायची कामं बंद पडली आहेत. आमची संस्था बेटांवर डोळ्यांची शिबिरं भरवते आणि रुग्णांना तारखेचा मेसेज हा सर्व्हरच पाठवतो. तो गेलाच नाही. सावाईई बेटावरच्या लोकांना पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सांगितलं म्हणून निभावलं. सालाफाई म्हातारी तेवढी त्या रविवारी तापाने घरी होती. डॉक्टर आले नि गेले. आता पुढच्या वर्षी.

फेतूने इशारे उघडले, चूक शोधली, अपग्रेडची अर्धवट राहिलेली पायरी पुरी केली. कामं चालू झाली. चला, सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात म्हातारीच्या मुलीचा फोन.

"बाकीचे सगळे बरे पोचले! आईनेच मेसेज पुसला असणार. म्हणते, आलाच नाही. डोकं चालेनासं झालंय तिचं. घर बंद करून ऑकलंडला नेतेय तिला."

"हो का," एवढंच मी म्हणाले. मनात मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी फोन ठेवून दिला.

फोन ऐकलेला फेतू मात्र घरून आपल्या आईची बारीक विणीची चटई घेऊन आला. ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात आमच्या बेटांवर ती पांघरून बसतात. घरच्यांनी उचलली तर माफी.

"अरे, खून केलास की काय? कॉम्प्युटरपायी कोणी चटई काढतं का?"

"कॉम्प्युटरपायी नाही, बाई. म्हातारी खोटी पडतेय."

उजाडताना तो तिच्या अंगणात चटईखाली बसला. मी फाटकाशीच थांबले, वाट चुकलेल्या पाहुणीसारखी. म्हातारी चाचपडत आली, तिने चटईची कड उचलली.

"कोण रे?"

"फेतू, शिबिरवाला. आजी, तुमचा मेसेज गेलाच नव्हता. सर्व्हरने इशारा दिला होता, मी तो झाकला."

"मोठ्याने बोल. लेकीला ऐकू जाऊ दे."

तो ओरडून बोलला. दारातल्या मुलीने हातातली बॅग खाली ठेवली.

म्हातारीने कड अजून सोडली नव्हती. "एवढी मोठी चटई, आणि खाली एकटाच? झाक म्हणणारं कोणी नव्हतं?"

फेतूने माझं नाव घेतलं नाही, आणि तेच मला सोसवेना. मी आत गेले, त्याच्या शेजारी गुडघे टेकले.

म्हातारीने माझं डोकं चाचपलं, चटई आम्हा दोघांवर पुन्हा ओढली आणि म्हणाली, "हं. आता तू बोल. मोठ्याने."