बाबांचं चुकलेलं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत ती उमेदवार म्हणून कामाला लागली, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात निदान केलं: बाप मुख्य संपादक, मग काय विचारता! तोंडावर कुणी बोललं नाही. मुद्रितं तपासणाऱ्या काकू तेवढ्या चहाच्या कपाकडे बघत म्हणायच्या, "आमच्या वेळी परीक्षा असायची बाई." ती कानाडोळा करायची आणि घरी जाऊन रडायची. कचेरीत बापाला 'सर' म्हणायची, तेही जपून.

तिच्या वाट्याला आलं 'क्लीव्ह' हे इंग्रजी क्रियापद. अर्थ दोन, तेही एकमेकांच्या जिवावर उठलेले: चिरणे आणि चिकटून राहणे. कोशात प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असे; या शब्दाच्या तीस वर्षांपूर्वीच्या कार्डावर दोन्ही एकाच मुळातून आल्याची नोंद, खाली बाबांची सही. तिला ते पटेना. दोन महिने जुने उतारे उपसले, तेव्हा निघाली दोन वेगळी क्रियापदं. कुळं वेगळी, जुनी रूपं वेगळी. झिजत झिजत दोघं सारखी दिसायला लागली, एवढंच.

कचेरीचा रिवाज कडक होता. ज्याचं कार्ड, त्याच्यासमोर उभं राहून सगळ्यांदेखत चूक वाचायची. आक्षेप टिकला नाही, तर उमेदवाराने कायम होण्याची आशा सोडायची.

तिने बाबांसमोर उभं राहून चूक वाचली.

"पुरावा?" बाबांनी विचारलं.

"या उताऱ्यातली भूतकाळाची रूपं बघा, सर. चिरण्याचं वेगळं, चिकटण्याचं वेगळं."

"हा उतारा नंतरचा असेल. रूपं मागाहून वेगळी झाली असतील."

"नाही, सर. सगळ्यात जुना आहे. काळ कागदाच्या मागे लिहिलाय."

बाबांनी कागद उलटून पाहिला. मग त्यांनी पेन काढलं आणि स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली.

"काकू, हे कार्ड तुम्ही किती वेळा तपासलंत?"

"चारदा," काकू पुटपुटल्या.

"मी दहादा. चूक हिला दिसली." बाबांचा चेहरा असा खुलला होता, की हरलेला माणूस कोण हेच कळू नये. त्यांनी कपाटाची किल्ली तिच्यापुढे धरली. "माझी अजून नऊ हजार कार्डं आहेत. सगळी तपास. बापाची म्हणून दयामाया नको."

काकूंनी मुकाट्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"एकही सोडणार नाही, बाबा," ती म्हणाली. कचेरीत त्यांना बाबा म्हणताना आज तिची मान ताठ होती.