विषय क्रमांक नऊ

आमच्या नगरपालिकेच्या सभेत विषय वाचून दाखवत नाहीत, नुसता नंबर पुकारतात. कारकून म्हणतो, "विषय चार," आणि त्याचं तोंड मिटायच्या आत सगळे सदस्य एका सुरात म्हणतात, "मंजूर!" विषयांचे कागद आधी घरपोच झालेले असतात आणि ते सगळ्यांनी वाचलेले असतात, असं समजायचं. माझा धाकटा भाऊ इतकी वर्षं तिथे निवडून येतोय की "मंजूर" म्हणण्यात आता त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. "गावाला चष्मे लावतोस, तुला कधी दिसायला लागणार?" असं मी त्याला चिडवायची. हल्ली चिडवत नाही.

आमचे हे पालिकेत चावीवाले होते. चावी म्हणजे पाण्याची, हातभर लांब, लोखंडी. ती खांद्याला लावून हे सायकलवरून गल्लोगल्ली जायचे, रस्त्यातलं झाकण उघडायचे, चावी फिरवायचे, की त्या गल्लीच्या नळांना पाणी. लोक घड्याळाकडे बघत नसत, ह्यांच्या सायकलची वाट बघत. आणि अशा माणसाची मूत्रपिंडं निकामी झाली. आता पालिकेच्या दवाखान्यात मागच्या बाजूच्या खोलीत जी दोन यंत्रं आहेत, त्यांतल्या खिडकीकडच्या यंत्रावर एक दिवसाआड ह्यांचं रक्त धुऊन निघतं. ह्यांच्या मनगटावरची शीर फुगून दोरीसारखी झालीय. तिथे कान लावला की आतली घरघर ऐकू येते. "बघ, माझी लाईन चालू आहे," असं हे म्हणतात आणि हसतात.

पाणी मात्र मोजून. दिवसभरात किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय, त्याहून जास्त झालं तर ते अंगात साठून जिवावर बेततं. माझ्याकडे स्टीलची एक लहान वाटी आहे, तिच्याने मी देते. उन्हाळ्यात हे माठाकडे बघत बसतात आणि मी माठ आणि हे यांच्यामध्ये जाऊन उभी राहते. ज्याने अख्ख्या गावाला पाणी सोडलं, त्याच्याशी मी एका घोटावरून भांडते. माझी जीभ तिखट आहे, हे सगळं गाव जाणतं, पण या भांडणाइतकं जिवावर येणारं भांडण मी आयुष्यात केलं नाही.

कारखाना बंद पडला आणि गावाची रया गेली. कर भरणार कोण? अर्ध्या दुकानांना कुलपं लागली. नवे मुख्याधिकारी आले. माणूस वाईट नाही, वाईट असता तर बरं झालं असतं, मला बोल लावायला कोणी तरी मिळालं असतं. ते आल्या आल्या म्हणाले, "प्राधान्यक्रम ठरवावा लागेल. पाणी, पगार, रस्त्यावरचे दिवे. बाकीचं तूर्तास थांबवू." प्राधान्यक्रम म्हणजे सरळ भाषेत रांग, आणि त्या रांगेत आमची खोली शेवटी. यंत्रांचा खर्च फार, माणसं मोजकी. दुसरी यंत्रं आहेत ती मोठ्या शहरात, आणि तिथे नंबर लागायला महिनोन्महिने लागतात. तिकडे जाणारी सकाळची बसही आता बंद आहे. तीही तूर्तासच.

दवाखान्याची खोली बंद करण्याचा विषय सभेपुढे आला, नंबर नऊ. भावाने मला धीर दिला. आमच्याकडे रीत अशी की एका जरी सदस्याने उठून हरकत घेतली, तर विषय पुढच्या सभेपर्यंत राहतो. तेवढ्या अवधीत एक मोठा ट्रस्ट खर्च उचलेल, असं त्याने जवळजवळ कबूल करून घेतलं होतं. "ताई, मला नुसतं उठून उभं राहायचंय," तो म्हणाला. "बाकी मी बघतो."

आदल्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात त्याची तालीम झाली. ह्यांनी नगराध्यक्षबाईंचा आवाज काढला, ओट्यावर लाटणं आपटलं आणि पुकारा केला, "विषय नऊ!"

"मंजूर!" भाऊ म्हणाला.

"अरे गधड्या, इथेच मारलंस की मला!" असं म्हणून हे इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग आम्ही त्याच्याकडून घोटून घेतलं. हे "विषय नऊ" म्हणायचे आणि भाऊ उठून "हरकत आहे!" म्हणायचा. शेवटी शेवटी तो झोपेतही बरोबर उठला असता.

दुसऱ्या दिवशी मी सभागृहाच्या सज्जात जाऊन बसले. ह्यांना घरीच ठेवलं. सज्जा सफाई कामगारांनी भरला होता, त्यांचे पगार कित्येक महिने अडकले होते. माझ्या शेजारी आमच्या गल्लीची झाडूवाली बसली होती. "आज आमचा विषय आहे बाई," ती म्हणाली. "पोरीची शाळेची फी राहिलीय, मास्तरीण रोज उभं करते तिला." मी म्हटलं, "होईल ग, होईल." मनात मात्र माझं एकच चाललं होतं, नऊ, नऊ, नऊ.

वरचे पंखे खडखडत होते आणि सज्जात गलका होता. सुरुवातीलाच कारकून उठून काही तरी पुटपुटला, ते वरपर्यंत आलं नाही. खाली भाऊ तेव्हा खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत होता. चष्मा घालून त्याने वर पाहिलं आणि मला हळूच मान डोलावून दाखवली. मग भाषणाच्या कागदावर बोट ठेवून तो बसला.

"विषय सहा." "मंजूर!" "विषय सात." "मंजूर!" "विषय आठ." "मंजूर!" त्यात माझ्या भावाचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता, मला ओळखू आला.

"विषय नऊ."

भाऊ ताडकन उठला. "हरकत आहे!" मला रडूच फुटलं. तो कागद हातात धरून बोलायला लागला, "अध्यक्षबाई, असे निर्णय घेणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणं आहे. या गोष्टीला माझा जाहीर विरोध आहे, मी जिवंत असेपर्यंत..."

पुढचं ऐकू आलं नाही. सज्जा उसळला. कामगार कठड्यापाशी धावले, कोणी चप्पल उगारली. झाडूवालीने माझा दंड धरला. "बाई, तुमच्या भावाचं आम्ही काय घोडं मारलं? आमच्या पगाराला विरोध?"

"पगाराला नाही ग, दवाखान्याच्या..." मी म्हणाले आणि थांबले.

नगराध्यक्षबाईंनी टेबल आपटून शांतता केली. "अहो, बागेतल्या कारंज्याचा विषय मागे घेतला, तेव्हा कारकुनांनी सांगितलं ना, त्याखालचे सगळे नंबर एकेक वर सरकले म्हणून. नऊ म्हणजे कामगारांचे पगार. दवाखान्याची खोली आठमध्ये गेली." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच मंजूर म्हणालात."

भाऊ मुख्याधिकाऱ्यांकडे बघायला लागला. तेही उठले, फार हळुवार बोलले. मंजूर झालेला विषय तीन महिने पुन्हा घेता येत नाही, हा नियम आहे, त्यांच्या हातात नाही. मग म्हणाले, "आता नऊला तुमची हरकत कायम धरायची का? तुमच्या हरकतीने पगार पुढच्या सभेवर जातील."

सगळं सभागृह त्याच्याकडे बघत होतं. भावाने मात्र वर माझ्याकडे पाहिलं, लहानपणी बरणी फोडली की बघायचा तसं. मी काय सांगणार होते त्याला? माझ्या शेजारी ती बाई हात जोडून उभी होती.

"मंजूर," भाऊ म्हणाला आणि खाली बसला.

सज्जात जल्लोष झाला. झाडूवालीने आनंदाने मला मिठी मारली. मग तिला काय लक्षात आलं कोण जाणे, तिचे हात सैल पडले. "तुमचे मालक..." एवढंच ती म्हणाली. मला तिचा राग यावा असं फार वाटलं, पण येईना. पोरीची फी भरली जाणार होती, त्यात तिचं काय चुकलं?

आम्ही भाऊबहीण घरी आलो. हे दारातच खुर्ची टाकून बसले होते. "काय रे वकीलसाहेब?" त्यांनी लांबूनच विचारलं. "काय झालं?"

भावाचे ओठ हलले. बोलायला दुसरं काहीच नसल्यासारखा तो म्हणाला, "मंजूर."

ह्यांचा चेहरा उजळला. पण सगळी नोकरी पालिकेत गेलेली, एका क्षणात तो विझला. "विषय कसा लिहिला होता?" त्यांनी विचारलं. "खोली चालू ठेवण्याचा की बंद करण्याचा?"

भाऊ पायरीवरच मटकन बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. "भावोजी, मी आठला..." ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तोच, घरघर करणारा. "उगी," म्हणाले, "मी पण कधी कधी एका गल्लीचं पाणी दुसरीला सोडलंय. होतं असं."

मग ते उठून आत आले. मी माठापाशी होते, हातात ती स्टीलची वाटी. त्यांनी फळीवरचा मोठा पेला काढला, त्यांचा जुना, कामावरून आल्यावर गटागट प्यायचा, आणि माझ्यापुढे धरला. आवाजात कसलाही राग नव्हता. "आता मोजायचं कशाला? भर ना पूर्ण. फार तहान लागलीय ग."

मला कळत होतं ते काय मागताहेत. आणि पेला भरला असता, तर माझंही मंजूर म्हणून झालं असतं.

"नाही," मी म्हणाले.

दिवसभरात योग्य विषयाला नाही म्हणणारी मी एकटीच निघाले, आणि म्हणाले ते कोणाला, तर तहानलेल्या माणसाला. मी वाटीत दोन घोट पाणी ओतून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पेला परत फळीवर ठेवला, वाटी घेतली आणि पाणी संपू नये म्हणून हळूहळू प्यायला लागले.