कॉलर, कफ आणि खिसा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पोटात दोन ट्यूब, पुढे पांढरी काच आणि वर फिल्म अडकवायला चिमटे, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला भिंतीला टांगलं, दिवा लावून पाहिला, कुणीतरी "हं" म्हणालं आणि मला पाठवून दिलं. ते माझं पहिलं कौतुक.

दवाखान्याच्या तळघरात, एक्स-रेच्या बिनखिडकीच्या खोलीत, मी पंचवीस वर्षं उजेड दिला. डॉक्टर माझ्यावर फिल्म लावून मान तिरकी करत आणि मागे उभे असलेले नातेवाईक त्या मानेवरून आपलं भवितव्य ओळखत. मी मोडलेली हाडं पाहिली, फुप्फुसं पाहिली, एकदा गिळलेली शिट्टीही पाहिली.

मग संगणकाचे पडदे आले. फोटो थेट त्यांच्यावर दिसू लागले. माझ्यावर आधी कॅलेंडर लटकलं, मग छत्री, मग डॉक्टरीणबाईंचा जेवणाचा डबा. "या पेटीचं काय करायचं?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचं आणि उत्तर सापडायच्या आत जेवणाची सुट्टी व्हायची.

समोरच्या टेबलावर संगणक घेऊन एक मुलगी बसायची, मी तिला आकडेवाली म्हणे. तिच्या प्रोग्रॅमनं लाखभर छातीचे फोटो पाहिले होते. नवा फोटो दिला की तो डाग शोधायचा, मोजायचा आणि धोका किती ते शंभरात सांगायचा. मला त्याचा हेवा वाटे. मला शंभरपर्यंत येतच नाही. मला फक्त चालू आणि बंद येतं.

त्या दिवशी दुपारी एक वाजता शिंपीकाका आले, दवाखान्याचा झगा घालून, सोबत काकू. त्यांच्या डाव्या फुप्फुसात, हृदयाला अगदी लागून, एक डाग होता. तिथे सुई घालून तुकडा काढणं अवघड होतं. प्रोग्रॅम म्हणत होता, शंभरात एक्क्याऐंशी. दोन वाजता काकांची छाती उघडून फुप्फुसाचा तेवढा भाग काढायचा होता. डॉक्टरीणबाई शेवटचं बघून घेत होत्या.

"या झग्याचा गळा कुणी कापलाय?" काकांनी विचारलं.

"अहो, तुम्हाला कापणारेत, त्याचं बघा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र कापत होता.

काकांनी पिशवीतून दोन काळे तुकडे काढून काकूंच्या हातात दिले. "कॉलरचा आणि कफचा साचा. माझं काही झालं तर शेजारच्या दुकानदाराला देऊ नकोस. एकोणीस वर्षं डोळा आहे त्याचा."

आकडेवालीनं मान वर केली. "काका, हे काय आहे?"

"कॉलर."

"कशावर कापलीय?"

"प्लास्टिकवर."

"यात बरगड्या दिसतायत."

"असतील," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म उलटा करून पाहिला. जुना एक्स-रे: नाही.

"तुम्ही नाही म्हणून सांगितलंत."

"मग? एक्स-रे कुठे आहे आता? कॉलर आहे." काकांना खरंच कळत नव्हतं आपलं काय चुकलं. "खोकला लांबला होता तेव्हा काढलेला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. काही नाही म्हटल्यावर मी कापला."

कफच्या कोपऱ्यात काकांचं नाव होतं आणि एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. पण डागाची जागा ना कॉलरमध्ये होती, ना कफमध्ये.

"इथे, हृदयाजवळ, काय कापलं होतंत?"

काका विचार करू लागले. घड्याळात एक वीस झाले होते. "खिसा," ते म्हणाले. "किंवा मग कचरा."

खिसा दुकानात खुंटीला होता. तो शेजाऱ्यालाही जमत असल्यामुळे पिशवीत आला नव्हता. काकू पायातल्या चपलेचा विचार न करता निघाल्या, म्हणजे एकच चप्पल घालून. डॉक्टरीणबाईंनी वर ऑपरेशनच्या खोलीत फोन केला. वरून उत्तर आलं, दोननंतर फार तर वीस मिनिटं थांबू.

दोन वाजले. दोन पाच. काका झग्याची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होते. दोन बाराला काकू आल्या, छातीशी खिसा धरून. अनवाणी. दुसरी चप्पलही वाटेत गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यावरचा डबा उचलला, छत्री काढली, कॅलेंडर काढलं, खिसा चिमट्यात अडकवला आणि बटण दाबलं.

मित्रांनो, मी लागले नाही.

मी प्रयत्न केला. एक ट्यूब घुं करून गप्प बसली. पाच वर्षं कुणी हाक मारली नव्हती, घसा बसला होता. काका पुढे झाले आणि बंद पडलेल्या शिलाई मशीनला मारतात तशी एक थाप त्यांनी मला कुशीत मारली. मी लागले.

खिशाच्या एका कडेला, खडूच्या खुणेपासून बोटभर अंतरावर, डाग होता. कात्री आणखी एक बोट आत गेली असती तर तो कचऱ्यात गेला असता. डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावली, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा लावली. त्यांची मान तिरकी झाली. काकू त्या मानेकडे बघत होत्या.

"तीच जागा, तोच आकार. एकोणीस वर्षांत वाढलेला नाही. जुना व्रण दिसतोय." त्यांनी वर फोन केला. "आज नको. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढून बघू."

आकडेवालीनं खिशाचा फोटो काढून जुनी तारीख प्रोग्रॅमला दिली. त्यानं शांतपणे सांगितलं, शंभरात तीन. तो आधीही खोटं बोलला नव्हता. त्याला जेवढं सांगितलं, तेवढ्यावरच त्यानं हिशेब केला होता.

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. काका म्हणाले, "खिसा परत मिळेल ना? शुक्रवारी दोन शर्ट द्यायचेत."

मिळाला नाही. कागदावर गिरवून दिला. खरा खिसा आता काकांच्या फाइलमध्ये आहे.

माझी ट्यूब बदलली. नोंदणीच्या खिडकीवर आता दोन प्रश्न विचारतात: पूर्वी एक्स-रे काढला होता का, आणि त्याचं पुढे काय केलंत? उत्तरं ऐकून आकडेवाली वही भरते. कुणी त्यानं खिडकीची फुटकी काच झाकलीय, कुणी त्यावर मुलाला अक्षरं गिरवायला दिलीत.

तेव्हा मित्रांनो, कुणी विचारलं तर "नाही" म्हणायच्या आधी घरी एकदा बघा. कपाटामागे बघा, पंख्याच्या डब्यात बघा, आणि घरात कुणी शिवत असेल तर कॉलर उजेडात धरून बघा. जुन्या वस्तू जपा. आणि भिंतीवर माझ्यासारखी एखादी असेल तर तिच्यावरचा डबा अधूनमधून उचलत जा. आम्हाला फार येत नाही. पण वेळेवर थाप मारली तर लागतो आम्ही.