स्टार्टरच्या तारेतला आवाज

जानरावांनी घोळ घातला तो सवयीनं. रागानं घातला असता तर भांडता आलं असतं, वेंधळेपणानं घातला असता तर हसता आलं असतं. सवयीचं काय करणार?

मलकापुरात हायवेला लागून त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. शेतकऱ्यानं विहिरीवरची मोटार आणून टाकली, की जानराव रामराम-जय भीम करायच्या आधी सिरीजच्या बल्बच्या दोन वायरी तिच्या टोकांना लावत. बल्ब पेटला तर आतली तार शाबूत, नाही पेटला तर तुटलेली. सगळी उमर ह्यात गेली. त्या दिवशी सकाळी टेबलावर काडेपेटीएवढा एक ट्रान्सफॉर्मर ठेवलेला होता. जानरावांनी तो उचलला, हातानं आपलं आपण ठरवलं आणि वायरी त्यालाही लावल्या. बल्ब जेमतेम लालसर झाला आणि विझला.

सारिका मागच्या खोलीत लॅपटॉपला मायक्रोफोन जोडत होती. जळक्या वार्निशचा वास आला तशी ती हातातलं टाकून पळत आली. ह्या दुकानात लहानाची मोठी झालेली पोर, तो वास तिला कोणी सांगायला नको होता.

"बाबा, काय केलं?"

"चांगला हाय का पाहून राह्यलो होतो," जानराव म्हणाले. वायरी अजून त्यांच्या हातातच होत्या. "ऐन टायमाले दगा नको म्हणून."

सारिकानं ट्रान्सफॉर्मर उचलून नाकाशी धरला. मायक्रोफोनमधून येणारी वीज इतकी कमी असते, की त्यासाठी आतली तार केसाहून बारीक ठेवलेली असते. त्या तारेवर बापानं घरातली वीज सोडली होती. पुण्यात ती ज्या स्टुडिओत काम करत होती, तिथं असल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरसाठी लोक वणवण फिरत. नव्या कॉम्प्युटरवर सगळं लख्ख ऐकू येतं, पण आवाजाला अंग राहत नाही. मायक्रोफोन आणि कॉम्प्युटरच्या मध्ये हा जुना तुकडा जोडला की ते अंग परत येतं. आणि हा तुकडा तर त्यांच्या घरचाच होता. जानराव तरुणपणी एका गायन पार्टीचा अ‍ॅम्प्लिफायर सांभाळत. त्या पार्टीत भीमगीतं म्हणणारी पंचफुला पुढं त्यांची बायको झाली. अ‍ॅम्प्लिफायर कधीच भंगारात गेला, पण त्यातला हा ट्रान्सफॉर्मर त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला होता. जपला त्यांनीच आणि जाळलाही त्यांनीच.

आजच्या दिवसावर सगळं होतं. पंचफुलाबाईंच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली होती. संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला जायचं, दाखल व्हायचं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: आवाजाची नस गाठीला चिकटून आहे, आवाज राहील किंवा जाईल. सारिकाला त्याआधी आईचं एक गाणं हवं होतं. एकच.

मोबाइलवर घ्यायला काय हरकत होती, असं कुणीही विचारील. सारिकानंही विचारलं होतं. मागं पुण्यात तिनं आईचा आवाज भारीतल्या मायक्रोफोनवर घेतला, तर ऐकून पंचफुलाबाईंनी हेडफोन काढून ठेवले. "हे कोण म्हणून राह्यलं? टिनात कोंडल्यासारखं. मी नाही हे." मग बुद्ध पौर्णिमेला सारिकानं हा ट्रान्सफॉर्मर मध्ये जोडून पुन्हा ऐकवलं. ह्या वेळी पंचफुलाबाईंनी हेडफोन काढले नाहीत. शेवटी म्हणाल्या, "हाव. हे मी." तेव्हा कुठं बाई एका गाण्याला तयार झाली होती.

आता पंचफुलाबाई दारात येऊन उभ्या होत्या. वास त्यांनाही कळत होता.

"जळला?"

पंचफुलाबाईंनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं, आणि त्यानंतर दिवसभर पाहिलं नाही.

"आई, तू असंच म्हण," सारिका म्हणाली. "मी मागून आवाज बरा करतो."

"टिनात नाही म्हणत मी."

"आणि उद्या आवाज गेला तर?"

"तर गेला. ज्याहीनं ऐकला त्याहीच्या कानात हाय तो." एवढं बोलून त्या आत गेल्या, पण त्यांचा हात गळ्याशी गेलेला सारिकानं पाहिला. आई घाबरली होती आणि घाबरल्याचं सांगणार नव्हती.

सारिकानं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि ट्रान्सफॉर्मर उघडायला घेतला. कागदासारख्या पातळ लोखंडी पट्ट्या एकेक करून काढायच्या, एकही वाकवायची नाही. आत तारेचे दोन थर; खालची जाड तार धड होती. जळली होती ती वरची, बारीक. ती उलगडून वेढे मोजायचे आणि तेवढेच पुन्हा घालायचे. सांगायला सोपं. तार बोटांत तुटत होती, काळी पडलेली टोकं एकमेकांना चिकटली होती, आणि बाहेर एकेक ट्रक असा जात होता की टेबल हादरून सारिकाचा आकडा चुकत होता. तिसऱ्यांदा आकडा चुकला तेव्हा तिनं चिमटा भिंतीवर फेकला.

पंचफुलाबाई आतून ताट घेऊन आल्या. ताटात तुरीचे दाणे. त्या समोर बसल्या. "तू उलगड. मोजतो मी. शंभर झाले की एक दाणा बाजूले."

"गाण्याआधी बोलून गळा थकवू नको."

"मनात मोजतो ना. गाणारीले ताल मोजता येते."

ट्रक येत-जात राहिले. आईचा आकडा हलला नाही.

जुनी तार संपली तेव्हा उन्हं दुकानाच्या पायरीवरून उतरली होती. आणि आता नवाच प्रश्न उभा राहिला: नवी बारीक तार आणायची कुठून? मोटारीची तार ह्यापुढं दोरखंड. पुण्याहून मागवावी तर गाडी थांबणार होती थोडीच. सारिका डोकं धरून बसली. तेवढ्यात तिच्यासमोर एक कोरी कॉइल येऊन पडली. पंपाच्या स्टार्टरमध्ये असते ती, वीज गेली की मोटार बंद करणारी. तिच्यावरची तार त्यातल्या त्यात बारीक. ती ठेवून जानराव मागं सरकले.

"ओ जानराव, ती माही कॉइल व्हय ना?" बाकावर बसलेला इंद्रभान उठला. तो सकाळपासून स्टार्टर घेऊन ताटकळला होता. "माह्या हरभऱ्याले पाणी कसं देऊ मंग, गाणं म्हणून?"

"दुसरी आणून देतो. आज नाही, अकोल्याहून आलो की देतो."

"मंग देऊन काय? विहिरीवर लाइनची पाळी आजच हाय ना माही!"

"इंद्रभान," जानराव हात जोडून म्हणाले, "आज मले मारलं तरी चालते. पण कॉइल मागू नको."

इंद्रभाननं जानरावांच्या हातांकडं पाहिलं, आत ताट घेऊन बसलेल्या बाईकडं पाहिलं, आणि पुटपुटत पुन्हा बाकावर बसला.

तार जाड पडली. सारिका श्वास धरून वेढे घालत होती, पंचफुलाबाई आता दाणे उलटे ताटात टाकत होत्या. दोनदा तार तुटली, दोनदा जोडली. शेवटी चौकटीत जागा संपली तरी बाजूला दाणे उरलेच होते. आणखी एक वेढाही बसेना. सारिकानं पट्ट्या परत घातल्या, टोकं जोडली आणि हेडफोन कानाला लावले. आवाज येत होता. पण त्याखाली सारखी एक घरघर होती, शेजारून चक्की चालल्यासारखी.

"दुकानातली वीज घुसून राह्यली त्याच्यात," ती म्हणाली. तिनं हेडफोन काढून टेबलावर टाकले.

जानराव उठले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, घरघर गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता.

पंचफुलाबाईंनी एक ओळ म्हणून पाहिली. सारिकानं ती त्यांना ऐकवली आणि आईच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

"पह्यल्यासारखा नाही हा."

"नाही, आई. तार जाड हाय. पुरी बसली नाही." सगळं संपलं, असं सारिकाला वाटलं.

"पुन्हा लाव." त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "पह्यल्यात मी कार्यक्रमातली वाटत होती. ह्याच्यात आत्ताची वाटून राह्यली."

"मग?"

"मग काय? अकोल्याले आत्ताचीच चालली ना मी. घे."

सारिकानं सगळ्यांना दम भरला: गाणं संपेपर्यंत कुणी खोकायचं नाही, बाक हलवायचा नाही. आणि बापाकडं खास बोट दाखवलं, त्याला कारण होतं. पूर्वी कार्यक्रमात सूर जागेवर लागला, की अ‍ॅम्प्लिफायरमागून जानरावांचा "वा!" यायचा, थेट माइकात. त्यावरून पंचफुलाबाई त्यांना घरी येईपर्यंत फैलावर घेत. जानरावांनी मान डोलावली आणि तोंडावर हात ठेवला.

गाणं सुरू झालं. एके काळी गावोगाव म्हटलेलं, बाबासाहेबांवरचं. आवाज थकलेला होता, वरच्या सुराला चढताना कापत होता, पण चढत होता. शेवटच्या कडव्यात तो एका जागी असा ठरला, की बाकावरच्या इंद्रभाननं हरभरा विसरून डोळे पुसले. आणि तेवढ्यात, तोंडावरच्या हाताआडून, जानरावांचा "वा!" निसटला.

सारिकानं डोळे वटारले. पंचफुलाबाईंनी कडवं पुरं केलं. दुसऱ्यांदा म्हणायला वेळ नव्हता. रिक्षा दारात आली होती, आणि गाडी त्यांना पळत जाऊन धरावी लागली. गाडीत जानराव बायकोपासून दूर, दाराशी बसले.

ऑपरेशन नीट झालं. आवाजाचं मात्र डॉक्टरांना जे भय होतं तेच खरं झाल्यासारखं दिसत होतं. त्यांनी काही दिवस बोलू नका म्हटलं, पुढं बघू म्हटलं, आणि सारिकाकडं न बघता ते पुढच्या खाटेकडं गेले.

दवाखान्यात आईच्या उशाशी बसून सारिका गाणं नीट करत होती. पंचफुलाबाईंच्या कानात हेडफोन होते. शेवटचं कडवं आलं. सारिकानं तो "वा!" खुणेनं निवडला आणि पुसायला बोट ठेवलं. तेव्हा आईनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे," पंचफुलाबाई म्हणाल्या. ऑपरेशननंतरचा त्यांचा पहिला शब्द. फाटलेला, घोगरा, हवाच जास्त. तो ऐकून सारिकाला भडभडून आलं. पण आईनं मनगट सोडलं नाही.

"त्याचा वा राहू दे त्याच्यात." थोडं थांबून, दम घेऊन त्या पुन्हा म्हणाल्या, "कुठं हाय तो? बोलाव."

जानराव बाहेर बाकावर बसले होते. आत यायची त्यांची हिंमत झाली नव्हती. सारिका डोळे पुसत त्यांना बोलवायला उठली.